घरी २३ किलो, काउंटरवर २५ : विमानाच्या बॅगेचं दुखणं कसं शोधायचं

लक्षणं

यातलं एखादं जरी तुमच्या बाबतीत पुन्हा पुन्हा होत असेल तर पुढे वाचा.

- घरच्या काट्यावर २३ किलो भरलेली बॅग काउंटरवर पंचवीसच्या घरात जाते, आणि मागे रांग खोळंबलेली असताना जमिनीवर बॅग उघडून चकलीची पाकिटं इकडची तिकडे करावी लागतात.
- वजन अगदी बरोबर, तरी जादा सामानाचे पैसे भरावे लागतात.
- पट्ट्यावर बॅग येते ती एक चाक गमावून, नाहीतर ट्रॉलीचा दांडा वाकवून.
- रनर जागच्या जागी आहे, कुलूपही आहे, पण मधली चेन उघडी.
- साड्यांना लोणच्याचं तेल.
- कुलूप कापलेलं आणि आत एक छापील चिठ्ठी.
- बॅग येतच नाही.

माझं बॅगा दुरुस्त करायचं दुकान आहे. उन्हाळा लागला की मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांच्या बॅगा येतात, आणि दिवाळीच्या सुमारास त्यातल्याच काही परत येतात, या वेळी मोडून. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की दिसली आहे: ज्याची बॅग मोडते त्याने बहुधा काउंटरवर पैसेही भरलेले असतात. दोन्हींचं मूळ एकच, बॅगेत तिच्या कुवतीबाहेर कोंबणं. म्हणून वजन आणि मोडतोड दोन्ही एकाच यादीत घेतो. फुकट होणारी तपासणी आधी, खिशाला हात घालावा लागणारी नंतर.

१. आधी तिकीट वाचा

बॅगेला हात लावायच्या आधी हे. ई-तिकिटावर सामानाच्या रकान्यात '२ पीसी' किंवा '३० के' असं काहीतरी छापलेलं असतं, आणि बहुतेक लोक ते बघतच नाहीत. 'पीसी' म्हणजे नगावर हिशोब. दोन नग, आणि प्रत्येक नगाची मर्यादा वेगळी, अमेरिकेच्या इकॉनॉमी तिकिटावर बहुधा २३ किलो. इथे दोन बॅगांची बेरीज चालत नाही. एक २५ आणि दुसरी २१ भरली तर एकूण ४६ च होतात, तरी पंचवीसवालीचे पैसे लागतात. 'के' म्हणजे एकूण किलोवर हिशोब. आखाताकडे जाणाऱ्या तिकिटांवर हा जास्त दिसतो, आणि तिथे बॅगांमध्ये वजन कसंही वाटलं तरी चालतं. नगाच्या तिकिटावर किलोचा हिशोब लावणं हे काउंटरवरच्या निम्म्या भांडणांचं कारण आहे.

नगाच्या हिशोबात आकारही मोजतात. लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटीमीटर, आणि त्यात चाकं व हँडलही धरतात. वरची शेवटची हद्द ३२ किलोची. बऱ्याचशा विमानकंपन्या त्याहून जड नग पैसे देऊनही घेत नाहीत, कारण तो उचलणाऱ्या माणसाच्या पाठीचा प्रश्न असतो.

आता खरी महागात पडणारी चूक. पुणे–दिल्ली तिकीट एकीकडून स्वस्तात काढलं, दिल्ली–न्यूयॉर्क दुसरीकडून. एकाच तिकिटावर असतं तर पुण्यापासूनच परदेशवारीची मर्यादा लागली असती. वेगळं काढल्यामुळे पुणे–दिल्लीला देशांतर्गत मर्यादा लागते, स्वस्त तिकिटावर साधारण १५ किलो. ४६ किलो घेऊन निघालेल्या काकूंना पुण्यातच ३१ किलोंचे पैसे भरायला सांगतात. शिवाय बॅगा सरळ पुढे जात नाहीत. दिल्लीत उतरवून घ्यायच्या आणि पुन्हा रांगेत उभं राहून द्यायच्या. तिकिटात वाचवलेले पैसे इथेच जातात, वर मनस्ताप फुकट.

तिकीट काढून झालं असेल आणि सामान वाढणारच असेल तर जादा किलो आधीच वेबसाइटवरून घ्या. विमानतळावरच्या दरापेक्षा ते बहुधा स्वस्त पडतात, पण ती सोय उड्डाणाच्या काही तास आधी बंद होते. एकाच पीएनआरवर चार जण असाल तर देशांतर्गत प्रवासात सगळ्यांचं वजन एकत्र धरतात का, तेही विचारून ठेवा. बऱ्याच ठिकाणी धरतात.

तिकिटावर दोन कंपन्यांची नावं असतील आणि कोणाची मर्यादा लागते ते कळत नसेल, तर अंदाज करू नका. एजंटाकडून किंवा कंपनीकडून लेखी घ्या, ईमेल चालेल.

२. काट्याची परीक्षा

घरी आणि काउंटरवर फरक पडतो तेव्हा सगळे काउंटरवरच्या काट्याला नावं ठेवतात. आधी आपला तपासा. किराण्यातून आलेली न फोडलेली १० किलोची तांदळाची पिशवी घ्या आणि बॅगेच्या लटकत्या काट्याला अडकवा. काटा ९.६ दाखवत असेल तर तो शंभराला चार कमी सांगतोय. म्हणजे तो २३ दाखवेल तेव्हा बॅग जवळजवळ २४ ची असेल. काटा फेकायची गरज नाही, तेवढं धरून भरा. सेल उतरला की हे काटे वाट्टेल ते आकडे दाखवतात, तेव्हा हंगामाच्या सुरुवातीला सेल बदला.

दुसरं म्हणजे हात. २३ किलो उचलून आकडा स्थिर होईपर्यंत धरणं साठीच्या माणसाला जमत नाही. हात थरथरतो आणि काटा भलत्याच आकड्यावर थांबतो. घरात झोपाळ्याची कडी असेल तर झोपाळा उतरवून काटा तिथे अडकवा. मी सांगतो तेव्हा लोक हसतात, पण याहून चांगली सोय घरात नाही.

माणसांच्या वजनकाट्यावर मोजायचं तर आधी एकट्याने उभं राहा, मग बॅग घेऊन, आणि वजाबाकी करा. बॅग नुसती काट्यावर ठेवली तर तिचा एक कोपरा हमखास जमिनीला टेकतो आणि वजन कमी दिसतं. काटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर नाही.

आणि २३ ला २३ भरू नका, २२ वर थांबा. निघताना शेजारची मावशी मेतकुटाची पुडी आणून देणारच आहे.

काउंटरवर बॅग ठेवण्याआधी पट्टा रिकामा असताना आकडा शून्य आहे का ते बघा. बॅग बाजूच्या कडेला टेकलेली नाही ना, तेही. शंका आली तर शेजारच्या काट्यावर ठेवून बघू का, असं शांतपणे विचारा.

३. रिकाम्या बॅगेचं वजन

२८ इंची कडक बॅग रिकामीच ४ ते ५ किलो भरते. २३ मध्ये ते खपून जातं. पण १५ किलोच्या देशांतर्गत तिकिटावर तीच बॅग नेणं म्हणजे एक तृतीयांश मर्यादा नुसत्या बॅगेत घालवणं. त्यासाठी २४ इंची मऊ बॅग बरी. आखातातून येणारी मंडळी पुठ्ठ्याचा खोका बांधून आणतात, त्याला हसू नका. मजबूत खोकासुद्धा बॅगेच्या मानाने खूप हलका असतो, आणि मोडलाच तर दुःख नाही. गाठोडं मात्र नको. दुबई विमानतळाने २०१७ पासून, एकही बाजू सपाट नसलेलं सामान नेहमीच्या पट्ट्यावर घेणं बंद केलं आहे.

मग भेटवस्तूंची खोकी, काचेच्या बरण्या आणि स्टीलचे डबे काढा. इतकं केलं की दीड-दोन किलो सहज सुटतात.

४. बॅग उघडायला लावणाऱ्या वस्तू

याचा पैशाशी संबंध नाही असं वाटेल, पण आहे. तपासणीत संशयास्पद काही दिसलं की बॅग उघडतात, आणि तुम्ही घड्या घालून बसवलेलं सामान दुसरं कोणीतरी घाईत कोंबून चेन ओढतं. तिथे रनर तुटतो.

पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, त्या हातातल्या बॅगेतच ठेवायच्या. साधारण मर्यादा १०० वॉट-तासांची आहे. नेहमीची २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ च्या आसपास भरते, म्हणजे बसते. त्यावरचा छापा पुसला गेला असेल तर ती जप्त होऊ शकते.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. कोकण-गोव्याकडच्या लोकांना हे पटतच नाही, पण तेलकट सुकं खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानवाहतुकीत ते धोकादायक मालाच्या यादीत आहे. वाट्या बाहेर काढून ठेवायला सांगितल्या तर वाद घालून उपयोग नाही.

खसखस आखातात अजिबात नेऊ नका. तिथे तो अमली पदार्थांचा मामला आहे, आणि पैशाने सुटणारा नाही. अमेरिकेला ताजा कढीपत्ता नको. बाकी खाद्यपदार्थ असतील तर तिथल्या सीमाशुल्काच्या प्रश्नावर 'हो' सांगा. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेलीला दंड लागतो. मसाले, भाजणी, मेतकूट अशा भुकट्या अमेरिकेच्या विमानात हातातल्या बॅगेत ३५० मिलीलीटरपेक्षा जास्त असतील तर जादा तपासणी होते, तेव्हा त्या खालच्या, म्हणजे चेक-इन बॅगेत.

५. तेल का गळतं

सामानाच्या कप्प्यात हवेचा दाब असतो, पण जमिनीइतका नाही. बरणीतली अडकलेली हवा फुगते, आणि बरणी आडवी असेल तर झाकणाच्या फटीतून ती आधी तेलाला बाहेर ढकलते. झाकण कितीही आवळलं तरी हे होतं. स्टीलच्या डब्याचं झाकण तर गळणारच.

उपाय हवा काढण्याचा. लोणचं जाड पिशवीत भरून हवा दाबून काढा आणि तोंड सील करा. मिठाईच्या आणि पापड-लोणच्याच्या दुकानांत सीलिंगचं यंत्र असतं, थोडक्या पैशांत करून देतात. ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, त्यावर वर्तमानपत्र, मग जुना टॉवेल, आणि हे बोचकं बॅगेच्या मधोमध. कडेला ठेवलं तर पहिला धक्का त्यालाच.

६. बॅगेची तब्येत

आता माझा प्रांत. हे निघायच्या आदल्या रात्री करू नका, पंधरा दिवस आधी करा, म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळतो.

चेन. बॅग भरा आणि एका हाताने चेन लावून बघा. गुडघा टेकवावा लागला तर सामान जास्त आहे, बॅग लहान नाही. रनर पुढे जातोय पण मागे चेन उघडी पडतेय, तर दाते ठीक असून रनर सैल झालाय. पक्कडीने रनरच्या मागच्या दोन्ही कडा अगदी हलक्या दाबा, एक बाजू, मग दुसरी. जोर लावला तर रनर चेपतो आणि सरकतच नाही. मेणबत्ती चेनवर घासली की अडखळणं कमी होतं. दाते उपटलेले असतील किंवा चेनलगतचं कापड फाटलं असेल तर घरी थांबा. चेन बदलावी लागते आणि ते मशीनचं काम आहे.

लक्षणांत सांगितलेली 'कुलूप आहे पण चेन उघडी' ही भानगड इथली. नायलॉनच्या चेनमध्ये साधं बॉलपेन खुपसलं की ती फाकते, काम झालं की कुलूप लावलेले दोन्ही रनर एकत्र फिरवून ती पुन्हा बंदही करता येते. म्हणून दागिने, रोकड, लॅपटॉप, औषधं आणि कागदपत्रं खालच्या बॅगेत कधीच नाहीत. शिवाय बहुतेक कंपन्या आपल्या अटींमध्ये या वस्तूंची जबाबदारी नाकारतात.

चाकं. बॅग उलटी करून प्रत्येक चाक बोटाने फिरवा. अडकत असेल तर नव्वद टक्के वेळा आसाभोवती केस आणि दोरे गुंडाळलेले असतात. ब्लेडने कापून चिमट्याने ओढले की चाक मोकळं. चाक हलत असेल तर बॅगेच्या आतल्या अस्तराची चेन उघडा. स्क्रू दिसले तर आवळा. तिथे रिव्हेट असतील तर घरी काही करता येत नाही. चाक ज्या प्लास्टिकच्या खोबणीत बसतं तिला तडा गेला असेल तर दुकान गाठा, फेविक्विक ओतून आणू नका. ते वाळल्यावर काढताना आजूबाजूचंही तुटतं आणि शंभराचं काम पाचशेवर जातं. रिव्हेटभोवती बॅगेचं कवचच चिरलं असेल तर मी ती परत करतो. चिरलेल्या कवचात नवं चाक टिकत नाही.

नवी बॅग घेताना, चार बाहेर आलेली चाकं विमानतळाच्या फरशीवर फिरवायला मस्त आणि मोडायलाही पहिली. आत बसवलेली दोन मोठी चाकं जास्त टिकतात. कडक बॅगेत पॉलिकार्बोनेट दाबलं तर वाकून परत येतं, स्वस्त एबीएस प्लास्टिक तडकतं.

ट्रॉलीचा दांडा पूर्ण आत गेल्याशिवाय बॅग देऊ नका. थोडासा बाहेर राहिला तरी तो कशात ना कशात अडकतो. आणि भरलेली बॅग दांड्याने उचलू नका, त्यासाठी बाजूचं हँडल आहे. वाकलेला दांडा ठोकून सरळ करायचा नाही. पोकळ ॲल्युमिनियमची नळी चेपली की आतलं लॉक कायमचं बसतं.

७. बाहेरून

जुने टॅग आणि बारकोडचे छोटे चिकटपट्टे सगळे काढा, हँडलखाली चिकटलेलेसुद्धा. यंत्राने जुना बारकोड वाचला तर बॅग मागच्या वर्षीच्या वाटेला लागते. नाव, फोन आणि जाण्याच्या ठिकाणचा पत्ता एका कागदावर लिहून बॅगेच्या आत सगळ्यात वर ठेवा, कारण बाहेरचा टॅग फाटू शकतो. रंगीत पट्टा बांधलात तर चेन फाटली तरी सामान बाहेर सांडत नाही. पट्ट्याचं लोंबणारं टोक मात्र आत खोचा.

अमेरिकेला जाताना साधं कुलूप लावलं तर ते कापून तपासणी करू शकतात. ती छापील चिठ्ठी तिथल्या सुरक्षा यंत्रणेची, म्हणजे टीएसएची असते. त्यांच्या किल्लीने उघडणारं, लाल हिऱ्याच्या खुणेचं टीएसए कुलूप घ्या. प्लास्टिक गुंडाळून घेण्याचे पैसे मी तरी देणार नाही. तपासणीला तेही कापतात.

बंद करायच्या आधी उघड्या बॅगेचा एक फोटो, बंद केल्यावर चारी बाजूंनी फोटो. पुढे उपयोगी पडतात.

काउंटरवर टॅग लागला की त्यावरची तीन अक्षरं वाचा. शेवटच्या ठिकाणाची हवीत, मधल्या थांब्याची नाहीत. पावतीवरचा दहा आकडी क्रमांक फोनमध्ये टिपून घ्या.

८. कुठे थांबायचं

बॅग आली नाही किंवा मोडून आली तर विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकायच्या आधी कंपनीच्या सामान कक्षात तक्रार लिहून घ्यायची. तिला पीआयआर म्हणतात. 'घरी जाऊन ईमेल करा' असं कोणी सांगितलं तरी क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. बाहेर पडल्यावर, बॅग आमच्याकडेच मोडली कशावरून, असा प्रश्न येतो आणि त्याला उत्तर नसतं.

आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल करार (विमानकंपनीची जबाबदारी ठरवणारा देशादेशांमधला करार) लागू होत असेल तर मोडतोडीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशिराची बॅग हातात आल्यापासून २१ दिवसांत. २१ दिवस बॅग आलीच नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. प्रवाशामागे भरपाईची कमाल मर्यादा डिसेंबर २०२४ अखेरीपासून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) आहे, साधारण दोन हजार डॉलर. देशांतर्गत प्रवासात २०,००० रुपये. ही कमाल आहे. मिळते ती सिद्ध केलेल्या नुकसानाची, म्हणून बॅगेचं बिल जपा. बॅगेत त्याहून मौल्यवान काही न्यायचंच असेल तर काउंटरवर विशेष मूल्य जाहीर करून जादा शुल्क भरायची सोय असते. मी म्हणेन, ते हातातच न्या.

कंपनी टाळाटाळ करत असेल तर तिथे रोज फोन करत बसू नका. केंद्राच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. रक्कम मोठी असेल तर ग्राहक आयोगाचं काम करणाऱ्या वकिलाला कागद दाखवा.

आणि मोडलेली बॅग थेट माझ्याकडे आणू नका. आधी पीआयआर, फोटो, तक्रार. मग या, दुरुस्तीचा अंदाज किंवा 'दुरुस्त होत नाही' असं शिक्क्यासह लिहून देतो, कंपन्या तेच मागतात. भरपाईचा निकाल लागेपर्यंत बॅग दुरुस्त करून घेऊ नका आणि ते तुटलेलं चाकही फेकू नका.